सूर्यकिरणाच्या रेषेपासून शनीच्या कड्यांपर्यंत

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने आम्हांला विचारले, "फादर, चर्चने गॅलिलिओला शिक्षा केली होती, हे खरं ना? मग चर्चला विज्ञान आवडत नाही, असंच म्हणायचं ना?" वर्ग एकदम चिडीचूप झाला. फादर आता रागावणार, असे मुलांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. आम्ही रागावलो नाही, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच होते. १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओवर खटला चालला, त्याच्याकडून आपली मते मागे घेतल्याचे वदवून घेण्यात आले आणि १६४२ साली मृत्यू येईपर्यंत तो स्वतःच्याच घरी नजरकैदेत राहिला. हे घडले नाही असे सांगणारा धर्मगुरू सत्याची सेवा करीत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका शब्दात देण्याजोगे नव्हते. म्हणून त्या दिवशी आम्ही मुलांना एका यानाची हकिकत सांगितली. त्या यानात माणूस नव्हता. परंतु त्याला दोन माणसांची नावे होती आणि ती दोन माणसे ज्या शतकात होऊन गेली, ते शतक गॅलिलिओच्या खटल्याचेच होते. तीच हकिकत आज थोड्या विस्ताराने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शनीचे कोडे

१६१० च्या जुलै महिन्यात गॅलिलिओने आपली लहानशी दुर्बीण शनीकडे वळविली, तेव्हा त्याला एकाऐवजी तीन गोल दिसले. मधे मोठा आणि दोन्ही बाजूंना चिकटल्यासारखे दोन लहान. दोन वर्षांनी, १६१२ साली, त्याने पुन्हा पाहिले तो बाजूचे दोन्ही गोल नाहीसे झालेले! प्राचीन रोमन पुराणकथेत शनी आपलीच मुले गिळतो. ते खरेच घडले की काय, असे कोडे त्या थोर निरीक्षकाला पडले. ते गोल पुढे पुन्हा दिसू लागले, पण त्यांचा उलगडा त्याला अखेरपर्यंत झाला नाही.

हे कोडे सोडविले क्रिस्तियान हायगेन्स ह्या डच तरुणाने. १६२९ साली हेग शहरात जन्मलेला हायगेन्स प्रॉटेस्टंट घराण्यातला. तो स्वतः भिंगे घासून दुर्बिणी बनवी. १६५५ च्या मार्चमध्ये त्याला शनीचा एक उपग्रह सापडला. आज आपण त्याला टायटन म्हणतो. १६५९ साली त्याने ग्रंथ लिहून जाहीर केले की, शनीभोवती एक पातळ, सपाट कडे आहे, ते शनीला कोठेही टेकलेले नाही आणि आपण त्याच्याकडे कोणत्या कोनातून पाहतो त्यानुसार ते रुंद, अरुंद किंवा अदृश्य होते. कागदाची कड डोळ्यासमोर बरोबर आडवी धरली, तर कागद दिसेनासा होतो, तसाच हा प्रकार.

रोममधील काहींना हे पटले नाही. फादर ओनोरे फाब्री हे फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू आणि दुर्बिणी बनविणारे एउस्ताकियो दिविनी ह्यांनी १६६० साली हायगेन्सच्या मताला विरोध करणारी पुस्तिका काढली. कडे वगैरे काही नसून शनीच्या मागे फिरणाऱ्या गोलांमुळे तसा आभास होतो, असे त्यांचे म्हणणे. वाद फ्लॉरेन्सच्या विद्वत्सभेकडे गेला. त्या सभेने केलेली परीक्षा आम्हांला फार आवडते. त्यांनी दोन्ही मतांप्रमाणे शनीच्या प्रतिकृती बनविल्या, दूर अंतरावर ठेवल्या, दुर्बिणीतून पाहिल्या आणि ह्या वादाची ज्यांना गंधवार्ताही नव्हती अशा साध्या माणसांना बोलावून, "जे दिसते ते काढून दाखवा" असे सांगितले. विद्वानाच्या डोळ्याला आपले मत आड येते. अडाण्याच्या डोळ्याला ते येत नाही. हायगेन्सचे पारडे जड ठरले. आणखी काही वर्षांनी, १६६५ साली, फादर फाब्री ह्यांनी आपली चूक छापील ग्रंथात मान्य केली. गॅलिलिओच्या खटल्याची आठवण ताजी असताना रोममधल्या एका धर्मगुरूने एका प्रॉटेस्टंट संशोधकाचे म्हणणे उघडपणे स्वीकारले, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. खटला मात्र सगळे सांगतात.

ख्रिस्तमंदिरातील वेधशाळा

दुसरे नाव जोव्हान्नी दोमेनिको कॅसिनी ह्याचे. १६२५ साली उत्तर इटलीतील पेरिनाल्दो ह्या गावी त्याचा जन्म झाला. जेनोवा येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात तो शिकला. फादर स्टीफन्स ह्यांच्या क्रिस्तपुराणामुळे येशूसंघ मराठी वाचकाला परका नाही. १६१६ साली कोपर्निकसचा ग्रंथ 'दुरुस्त होईपर्यंत' स्थगित ठेवण्याचा हुकूम रोममध्ये निघाला, आणि त्याच साली गोव्यात राशोल येथे क्रिस्तपुराण छापून बाहेर पडले. एकाच वर्षातल्या ह्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे ख्रिस्तसभेचा इतिहास एका रंगात रंगविता येत नाही, हे ध्यानी येते.

कॅसिनी १६५० साली बोलोन्या येथे खगोलशास्त्राचा प्राध्यापक झाला. बोलोन्या तेव्हा पोपच्या राज्यात होते. तेथेच रिचोली आणि ग्रिमाल्दी हे दोन येशूसंघीय धर्मगुरू आकाशाचा अभ्यास करीत होते. चंद्रावरील डागांना आणि खळग्यांना त्यांनी १६५१ साली दिलेली नावे आजही जगभर चालतात, आणि त्या नावांत कोपर्निकसचेही नाव आहे. अशा मंडळींच्या सहवासात कॅसिनीची जडणघडण झाली.

बोलोन्यात सान पेत्रोनिओ नावाचे प्रचंड ख्रिस्तमंदिर आहे. त्याचा पाया १३९० साली घातला गेला आणि दर्शनी भाग आजही अपुराच आहे; खालच्या निम्म्या भागाला संगमरवर, वर उघड्या विटा. त्या मंदिरात पूर्वी एका डोमिनिकन धर्मबंधूने आखलेली मध्यान्हरेषा होती, पण बांधकाम वाढविताना ती निकामी झाली. १६५५ साली कॅसिनीने नवी रेषा आखली. त्याने सुमारे २७ मीटर उंचीवर छपराला एक लहान भोक ठेवले आणि जमिनीवर बरोबर उत्तर-दक्षिण अशी जवळजवळ ६७ मीटर लांबीची रेषा बसविली. रेषा मंदिराच्या खांबांवर आपटेल, हे जमणार नाही, असे अनेकांचे मत होते. कॅसिनीचे गणित असे बिनचूक ठरले की रेषा खांबांच्या मधून निसटून गेली.

हा खटाटोप कशासाठी? पास्काच्या सणासाठी. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार हा आपल्या प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण, हे वाचक जाणतातच. वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र समान होण्याचा क्षण, चुकला तर पास्काची तारीख चुकते. ती चुकू लागली होती म्हणूनच पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी १५८२ साली दहा दिवस गाळून पंचांग सुधारले. ती सुधारणा बरोबर होती की नाही, हे पडताळण्यासाठी सूर्याचा वेध घेणे भाग होते. आणि त्यासाठी उंच, अंधारे, पक्क्या पायाचे घर हवे होते. असे घर ख्रिस्तमंदिराखेरीज कोठे मिळणार? म्हणून छपराला भोक पाडले गेले. दर दुपारी सूर्याचा प्रकाशबिंब जमिनीवरून सरकत त्या रेषेवर येई. उन्हाळ्यात तो भोकाच्या जवळ आणि लहान, हिवाळ्यात दूरवर आणि लांबट.

ह्याच रेषेवर कॅसिनीने आणखी एक परीक्षा केली. सूर्य हिवाळ्यात आकाशातून थोडा वेगाने व उन्हाळ्यात थोडा सावकाश सरकतो, हे पूर्वापार ठाऊक होते. तो खरोखरच वेग बदलतो, की जवळ-दूर होत असल्यामुळे नुसते तसे वाटते? अंतर बदलले तर बिंबाचा आकारही बदलणार. कॅसिनीने वर्षभर बिंब मोजले आणि त्याला आढळले की, बदलाचा निम्माच भाग अंतरामुळे आहे. उरलेला निम्मा वेग खरोखरच बदलतो म्हणून. केप्लरने सांगितले होते ते हेच. पोपच्या राज्यात, ख्रिस्तमंदिराच्या फरशीवर, मिस्साबलिदान चालते त्याच छताखाली, नव्या खगोलशास्त्राच्या बाजूने हा पुरावा मिळाला!

पॅरिसमधले दोघे

१६६९ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्याच्या निमंत्रणावरून कॅसिनी पॅरिसला गेला आणि तेथील नव्या वेधशाळेचा प्रमुख झाला. हायगेन्स १६६६ पासून तेथील विज्ञानसभेत होताच. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकाच सभेत, एकाच ग्रहाचे वेध घेत होते. कॅसिनीने शनीचे आणखी चार उपग्रह शोधले आणि १६७५ साली शनीचे कडे एकसंध नसून त्यात एक काळी फट आहे, हे दाखविले. ती फट आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

पण माणूस थोर असला म्हणजे प्रत्येक बाबतीत बरोबर असतोच असे नाही. त्याच वेधशाळेत ओले रोमर नावाचा डेन्मार्कचा तरुण काम करीत होता. गुरूच्या उपग्रहाची ग्रहणे पृथ्वी दूर असताना उशिरा दिसतात, ह्यावरून १६७६ साली त्याने प्रतिपादन केले की, प्रकाशाला प्रवास करण्यास वेळ लागतो. कॅसिनीने ही कल्पना आधी मांडून पाहिली होती, पण पुढे ती नाकारली आणि रोमरचे म्हणणे मानले नाही. हायगेन्सने ते मानले. वाचकांनी एवढी गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आजारपणामुळे हायगेन्स १६८१ साली मायदेशी परतला. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. हायगेन्स पुन्हा तेथे काम करण्यास गेला नाही. १६९५ साली हेगलाच त्याचा अंत झाला. कॅसिनी म्हातारपणी आंधळा झाला आणि १४ सप्टेंबर १७१२ रोजी पॅरिसमध्ये वारला. कॅथलिक राजाच्या असहिष्णुतेने दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या केल्या. ही गोष्टदेखील आपल्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलीच पाहिजे.

यान निघाले

सुमारे तीन शतकांनी त्या वाटा पुन्हा एकत्र आल्या. १९८२ साली अमेरिकेच्या व युरोपच्या शास्त्रज्ञांनी शनीकडे एक यान पाठविण्याचा विचार सुरू केला. शनीभोवती फिरणारे मुख्य यान अमेरिकेने बांधावे, टायटनवर उतरणारे लहान यान युरोपने, आणि पृथ्वीशी बोलणारी चार मीटर व्यासाची अँटेना इटलीने, अशी वाटणी झाली. मोठ्या यानाला कॅसिनीचे नाव मिळाले आणि लहान यानाला टायटनच्या शोधकर्त्याचे, हायगेन्सचे.

१५ ऑक्टोबर १९९७ रोजी केप कॅनव्हेरल येथून यान निघाले, ते विरोधाच्या गजरात. शनीपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने नव्वदाव्या हिश्श्याइतकाच पोहोचतो. तेथे सौर पंखांवर भागत नाही. म्हणून यानात सुमारे ३३ किलो प्लुटोनियम होते. त्याच्या उष्णतेपासून वीज तयार व्हायची. उड्डाणात अपघात झाला तर काय, ह्या भीतीने अनेकांनी निदर्शने केली. ती भीती वेडगळ नव्हती. ज्यांच्या डोक्यावरून धोका जातो त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, असे आम्ही मानतो. सुदैवाने उड्डाण निर्विघ्न पार पडले.

पाच टनांहून जड असलेले हे यान सरळ शनीकडे फेकण्याइतकी ताकद कोणत्याही अग्निबाणात नव्हती. म्हणून शास्त्रज्ञांनी ग्रहांचीच गोफण केली. यान ग्रहाच्या जवळून गेले की, ग्रहाच्या ओढीने त्याचा वेग वाढतो आणि गोफणीतून सुटलेल्या दगडासारखे ते पुढे जाते. १९९८ व १९९९ साली शुक्राजवळून दोनदा, ऑगस्ट १९९९ मध्ये खुद्द पृथ्वीजवळून आणि डिसेंबर २००० मध्ये गुरूजवळून असा वळसा घेत, पावणेसात वर्षांनी, १ जुलै २००४ रोजी यान शनीच्या कक्षेत शिरले. कड्यांमधील एका मोकळ्या जागेतून जाताना धुळीच्या कणांपासून बचाव व्हावा म्हणून त्याने आपली अँटेनाच ढालीसारखी पुढे धरली होती.

एका माणसाचा हट्ट

आता प्रकाशाच्या वेगाची ती जुनी गोष्ट. यान आणि पृथ्वी ह्यांच्यातील संदेश प्रकाशाच्याच वेगाने जातो, आणि शनीपासून येथवर यायला त्याला तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे ज्या कॅसिनीने प्रकाशाला वेळ लागतो हे मानले नाही, त्याच्या नावाच्या यानाशी बोलणाऱ्यांना रोज त्या वेळेचा हिशेब ठेवूनच बोलावे लागे.

ह्याच संदर्भात एक मोठी चूक होऊन बसली होती. लहान यान टायटनवर उतरताना मोठ्या यानाकडे माहिती पाठविणार आणि मोठे यान ती पृथ्वीकडे. पण दोन्ही यानांचा वेग निराळा. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी जशी वेगळ्या सुरात ऐकू येते, तसाच संदेशाचा सूरही बदलणार. मोठ्या यानातील रिसीव्हर बनविताना ह्या बदलाचा पुरता विचार झालाच नव्हता, आणि यान निघून गेल्यावर तो बदलणे अशक्य होते. बोरिस स्मेड्स नावाच्या युरोपीय अवकाश संस्थेतील अभियंत्याने आग्रह धरला की, खऱ्या प्रसंगी येईल तसा बदललेल्या सुराचा संदेश पृथ्वीवरून पाठवून परीक्षा झालीच पाहिजे. अशी परीक्षा अनावश्यक आहे, असे म्हणणारे होतेच. २००० साली कॅलिफोर्नियातील मोठ्या अँटेनावरून ती झाली आणि दोष उघडकीस आला. तो आग्रह नसता, तर टायटनवरून आलेली माहिती बहुतांशी निरर्थक आवाज ठरली असती. मग शास्त्रज्ञांनी मोठ्या यानाचा मार्गच बदलला, जेणेकरून उतरण्याच्या वेळी दोन यानांच्या वेगातील फरकाचा त्रास होणार नाही.

सात वर्षे मोठ्या यानाला चिकटून असलेले हायगेन्स यान २५ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दिवशी, त्याच्यापासून सुटले आणि १४ जानेवारी २००५ रोजी टायटनवर उतरले. दाट, नारिंगी धुक्यातून हवाई छत्रीच्या आधाराने खाली यायला त्याला जवळजवळ अडीच तास लागले. उतरल्यावरही ते तासाभराहून अधिक वेळ बोलत राहिले. माणसाने घडविलेली वस्तू इतक्या दूरच्या जमिनीवर तोवर कधी उतरली नव्हती. तेथून आलेल्या चित्रांत पाण्याच्या ओहोळांनी कोरल्यासारखे नदीपात्रांचे जाळे आणि गुळगुळीत गोटे दिसले. मात्र तेथील थंडी शून्याखाली सुमारे १८० अंश. ते गोटे म्हणजे दगडासारखा कठीण बर्फ आणि ते ओहोळ द्रवरूप मिथेनचे.

तरीही एक चूक राहिलीच. दोन रिसीव्हरांपैकी एक चालू करण्याची आज्ञा द्यायची राहून गेली आणि सुमारे सातशे चित्रांपैकी निम्मी कायमची गमावली. वाऱ्याच्या मोजणीची माहितीही त्याच वाटेने येणार होती. ती मात्र पृथ्वीवरच्या मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणींनी त्या यानाचा क्षीण आवाज थेट टिपल्यामुळे वाचली. हजारो शहाण्या माणसांच्या हातून एक साधी आज्ञा विसरली जाते! पापनिवेदनाच्या खुर्चीत बसणाऱ्या आम्हा मंडळींना ह्याचे नवल वाटत नाही. चूक झाली ती त्यांनी लपविली नाही, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते.

लहान चंद्राचे मोठे रहस्य

मोठे यान पुढे तेरा वर्षे शनीभोवती फिरत राहिले. त्याला सर्वांत मोठे आश्चर्य सापडले ते जेमतेम पाचशे किलोमीटर व्यासाच्या एन्सेलाडस ह्या उपग्रहावर. २००५ च्या सुरुवातीस चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाला तेथे काही विचित्र हालचाल जाणवली. त्या उपकरणाच्या मंडळींनी विनंती केली की, यान आणखी जवळून न्यावे. जुलैमध्ये ते पावणेदोनशे किलोमीटरवरून गेले आणि नोव्हेंबरमध्ये चित्रे मिळाली. बर्फाच्या त्या गोळ्याच्या दक्षिण ध्रुवावरील भेगांतून वाफेची व बर्फकणांची कारंजी अवकाशात उडत होती!

पुढे यान त्या कारंज्यांतून अनेकदा आरपार गेले. बर्फाच्या कवचाखाली खारट पाण्याचा समुद्र आहे, हे निश्चित झाले. २०१७ साली त्या फवाऱ्यात हायड्रोजन असल्याचे जाहीर झाले. म्हणजे सागरतळाशी ऊन पाणी आणि खडक ह्यांची रासायनिक क्रिया चालू असावी. यान नष्ट झाल्यावरही त्याने पाठविलेल्या माहितीचा अभ्यास थांबला नाही आणि २०२३ साली त्याच बर्फकणांत फॉस्फेट सापडले, जे आपल्या हाडांत आणि पेशींतही असते. तेथे जीव आहेत, असे कोणी म्हटलेले नाही. जीवाला लागणारी शिधासामग्री मात्र तेथे आहे.

१९ जुलै २०१३ रोजी सूर्य शनीच्या आड असताना यानाने मागे वळून आपल्या पृथ्वीचेही छायाचित्र घेतले. त्या वेळी आकाशाकडे पाहून हात हलवा, असे आवाहन लोकांना आधीच केलेले होते. सुमारे १४४ कोटी किलोमीटरवरून पृथ्वी म्हणजे कड्यांखालचा एक निळसर ठिपका. त्या ठिपक्यातच आपली सर्व ख्रिस्तमंदिरे, सर्व दफनभूमी, सर्व भांडणे आणि सर्व बारशी आली.

यानाची अखेर

२०१७ साली यानातील इंधन संपत आले. तसेच सोडून दिले असते, तर ते आणखी बराच काळ फिरत राहिले असते. पण मग एखाद्या दिवशी ते एन्सेलाडसवर किंवा टायटनवर आदळण्याचा संभव होता. यानाला पृथ्वीवरचे सूक्ष्म जंतू चिकटलेले असू शकतात. जेथे कदाचित जीवाची सुरुवात होत असेल, तेथे आपली घाण जाऊ नये, म्हणून शास्त्रज्ञांनी यान शनीच्या वातावरणात घालून जाळून टाकण्याचे ठरविले. त्याआधी ते शनी आणि त्याची कडी ह्यांच्यामधल्या, तोवर कोणीही न ओलांडलेल्या पोकळीतून बावीस वेळा गेले.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी ते शनीच्या वातावरणात शिरले. अँटेना पृथ्वीकडे रोखून धरण्यासाठी त्याची लहान इंजिने शेवटच्या क्षणापर्यंत झगडत होती, आणि तेवढा वेळ ते शनीच्या हवेची माहिती पाठवीत होते. मग आवाज बंद झाला. पृथ्वीवर तो बंद झालेला ऐकू आला, तेव्हा यान जळून ८३ मिनिटे झालेली होती. आदल्याच दिवशी कॅसिनी ह्या माणसाच्या मृत्यूला ३०५ वर्षे पूर्ण झाली होती. यानाने शनीला २९४ प्रदक्षिणा घातल्या आणि साडेचार लाखांहून अधिक छायाचित्रे पाठविली. सत्तावीस देशांची माणसे ह्या कामात होती. १९८२ साली ज्यांनी ही कल्पना मांडली, त्यांतील सर्वांना तिचा शेवट पाहता आला नाही. सान पेत्रोनिओचा पाया घालणाऱ्यांनाही भिंती पाहता आल्या नव्हत्या.

दोन प्रश्न

ही हकिकत ऐकल्यावर आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "फादर, ह्याला पैसे किती लागले?" सुमारे सव्वातीन अब्ज डॉलर, असे आम्ही सांगितले. "तेवढ्यात किती गरिबांची घरं झाली असती!" ती म्हणाली. ह्या प्रश्नाला बगल देणे आम्हांला योग्य वाटत नाही. उपाशी माणसाला शनीची कडी दाखवून त्याचे पोट भरत नाही, आणि आपल्या प्रभूने भुकेल्याला अन्न देण्याची आज्ञा दिली आहे. पण शनीकडे यान न धाडल्याने ते पैसे आपोआप गरिबाच्या हाती पडले असते, असेही नाही. शस्त्रांवर त्याहून कितीतरी पटींनी खर्च होतो आणि तो खर्च सत्तावीस देशांच्या माणसांना एका मेजाभोवती बसवीत नाही. एवढे आम्ही तिला सांगितले. तिचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि ते झाले नाही ह्याचा आम्हांला आनंदच आहे. असे प्रश्न विचारणारी माणसे धर्मग्रामात असावीत.

पहिल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे दिले. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी गॅलिलिओच्या बाबतीत तत्कालीन धर्मपंडितांची चूक झाली, हे जाहीरपणे मान्य केले. आम्ही तेव्हा सेमिनरीत विद्यार्थी होतो आणि ती बातमी वाचताना आम्हांला आपल्या घरातले जुने भांडण मिटल्यासारखे वाटले होते. तीनशेपेक्षा अधिक वर्षे लागली, हे खरे. फादर फाब्री ह्यांना पाच वर्षे लागली. अवकाश संस्थेतील मंडळींना स्वतःची चूक सापडायला यान निघाल्यानंतर दोन-तीन वर्षे लागली. चर्चला विज्ञान आवडत नाही, असे नव्हे. चर्चमधल्या माणसांना, आणि विज्ञानातल्या माणसांनाही, आपली चूक आवडत नाही. ज्याने छपराला भोक पाडू दिले आणि ज्याने गॅलिलिओला गुडघ्यावर बसविले, ते दोघेही आपलेच. मुलांना दोघांचीही ओळख करून द्यावी, ह्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मार्च २०२५ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून बरोबर कडेने दिसण्याच्या स्थितीत आली आणि १६१२ साली गॅलिलिओला दिसेनाशी झाली तशीच पुन्हा दिसेनाशी झाली. आता ती वर्षागणिक थोडी थोडी उघडत जाणार आहेत. एखाद्या शाळेने किंवा मंडळाने दुर्बीण लावलेली असेल, तर पालकांनी मुलांना जरूर न्यावे. रांग लावावी लागेल आणि दिसेल ते जोंधळ्याच्या दाण्याएवढेच. पण ते कडे आहे, हे कळायला माणसाला जवळजवळ पन्नास वर्षे लागली होती, एवढे मुलांना सांगून ठेवावे.